घरखर्चाची वही : वीज खातंय तरी कोण?

मैत्रिणींनो, मागच्या लेखात आपण डाळी-धान्यांच्या वर्षाच्या साठवणीचा हिशेब मांडला होता. त्यावर आलेल्या पत्रांत बऱ्याच जणींनी एकच विचारले आहे : "वाण्याचे बिल आम्ही आटोक्यात आणतो हो, पण विजेच्या बिलाचे काय? ते तर दिसत नाही, मोजता येत नाही, एकदम महिन्याने अंगावर येते."

खरे आहे. तेल संपत आले की बरणी सांगते, साखर संपली की डबा वाजतो. विजेला डबा नाही. म्हणूनच विजेच्या बाबतीत आपण हिशेब करत नाही, नुसते रागावतो. यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घरी हेच झाले. सांगायला जरा लाज वाटते, पण सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी ते टळेल.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमचे बिल आले ३४२ युनिटांचे. गेल्या वर्षी त्याच महिन्यात २३१ होते. घरात माणसे तेवढीच, एसी नाही, नवी वस्तू एकही आलेली नाही. ह्यांनी बिल टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "दिवसभर पंखा, दिवसभर टीव्ही. मग येणारच!" बोलण्यात नाव कुणाचेच नव्हते. पण दिवसभर घरात पंख्याखाली असते कोण? आमच्या सासूबाई. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. आणि मीही गप्प राहिले. मनात मलाही तेच वाटत होते.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारची मालिका बघणे बंद केले. संध्याकाळी खोलीत दिवा न लावता बसू लागल्या. मी विचारले तर म्हणाल्या, "मला गं कशाला लागतो उजेड, जप तर करायचाय." एकदा रात्री दोन वाजता मला जाग आली तर त्या ओसरीवर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधीच्या त्या उकाड्यात, त्यांना न्हाणीघराच्या दारात भोवळ आली. नशिबाने मी जवळ होते. डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "आजी, पंख्याखाली बसत नाही का?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. मलाच मान खाली घालावी लागली.

लेक पुण्याहून आली. तिला सारे कळल्यावर ती मला एवढेच म्हणाली, "आई, तुम्ही मोजलंत का कधी? आजीचा पंखा किती खातो ते?" मोजले नव्हते. आयुष्यभर पोहे वाटीने आणि चहा चमच्याने मोजणारी मी, एका माणसाला दोषी ठरवले ते नुसत्या अंदाजाने.

मग आम्ही मोजायला बसलो. कसे मोजले ते आता क्रमाने सांगते.

आधी युनिट म्हणजे काय ते पक्के करू. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते. कुठल्याही वस्तूचे वॅट गुणिले तास, भागिले हजार, की झाले युनिट. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला तर एक युनिट. नऊ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट खायला एकशे अकरा तास घेतो. म्हणजे दिवा विसरून राहिला म्हणून मुलांवर ओरडताना गीझर विसरला नाही ना, हे आधी बघावे.

पण वस्तूवर छापलेल्या वॅटवर सगळा भरवसा ठेवता येत नाही. पंख्याचे एक ठीक आहे, तो सारखाच चालतो. फ्रिज मात्र मध्येच चालू होतो, मध्येच थांबतो. इस्त्री, गीझरही तसेच. तिथे प्रत्यक्ष मोजावेच लागते.

मोजण्याचे पहिले साधन घरात फुकटच आहे, ते म्हणजे आपले मीटर. हल्लीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी ३२०० किंवा १६०० असा एक आकडा छापलेला असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट पूर्ण होते. आमच्या मीटरवर ३२०० आहे. घड्याळ लावून एक मिनिट मोजायचे आणि जितक्या वेळा दिवा लुकलुकेल त्याला पावणेएकोणीसने गुणायचे, की त्या क्षणी घर किती वॅट खात आहे ते कळते. मीटरवर १६०० असेल तर साडेसदतीसने गुणावे. मीटर फक्त बघायचे बरं का, त्याच्या सीलला हात लावायचा नाही.

एका रात्री साडेनऊला आम्ही घरातले सारे दिवे, पंखे, टीव्ही बंद केले. फ्रिजसुद्धा तेवढ्यापुरता बंद केला. लेक मीटरपाशी, मी घड्याळ धरून. खरे तर दिवा लुकलुकायलाच नको होता. पण मिनिटात चार वेळा लुकलुकला! म्हणजे सारे काही बंद असताना घर ७५ वॅट खात होते. चोवीस तासांचे होतात १.८ युनिट, महिन्याचे ५४. काहीही न करता ५४ युनिट! शोधता शोधता कळले की त्यातला मोठा वाटा इन्व्हर्टरचा. त्याची बॅटरी जुनी झाली आहे, सारखी भरत असते. मग टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटने बंद केला तरी हा डबा जागाच असतो. मग वाय-फायचा डबा, आणि घड्याळ दाखवत बसलेला मायक्रोवेव्ह.

आकडा पक्का करावा म्हणून आम्ही पुन्हा मोजायला घेतले, तर तो लाल दिवा एकाएकी नुसता थरथरायला लागला. मोजता येईना इतका. कसेबसे मोजले तर मिनिटाला शंभराच्या वर. म्हणजे दोन हजार वॅट. अंधार पडलेल्या घरात दोन हजार वॅट कोण खात होते?

गीझर. उन्हाळ्यात कुणी न वापरलेला गीझर. त्याचा खुणेचा लाल दिवा कधीचा गेलेला, त्यामुळे तो बंदच आहे असे सगळ्यांना वाटत होते. बटण न्हाणीघराच्या दारामागे. आतले पाणी निवले की तो आपोआप चालू होई, तापवून बंद होई, पुन्हा काही तासांनी तेच. ते बटण फेब्रुवारीतल्या थंडीत दाबले होते कुणी? मीच.

मीटरच्या खोक्यापुढे अंधारात उभी राहून मी जी वरमले ती वरमले.

आता दुसरे साधन. लेकीने प्लगमध्ये लावायचा वीजमापक आणला होता. साधारण हजार रुपयांना मिळतो. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये तो लावायचा आणि त्याच्या पोटात वस्तूचा प्लग. किती वॅट चालू आहेत, दिवसाला किती युनिट झाली, सारे दाखवतो. काहींवर आकड्याची पट्टी असते, काही मोबाईलवर दाखवतात. घेताना एक गोष्ट कटाक्षाने बघा. तो १६ अँपिअरचा घ्यावा. लहान अँपिअरचा वीजमापक गीझर, इस्त्री, मायक्रोवेव्ह यांना लावला तर तापून वितळतो, आग लागायची भीती. आणि मल्टीप्लगच्या शेपटीला तो कधीही लावू नये.

सासूबाईंच्या पंख्याला प्लग नसतो, तेव्हा तो आम्ही मीटरवरूनच मोजला. आला ७२ वॅट. दिवसाचे चौदा तास धरले तर साधारण एक युनिट, महिन्याचे तीस. टीव्ही ४५ वॅटचा, पाच तासांचे महिन्याला सात युनिट. तीस युनिट काही अगदी थोडे नव्हेत, हे मी कबूल करते. पण गेल्या वर्षीही त्या तितकाच वेळ पंखा लावत होत्या. यंदा वाढलेली १११ युनिट त्या पंख्याची असूच शकत नव्हती. आणि जी मालिका त्यांनी आमच्या बोलण्याने सोडली, ती महिन्याची फार तर दोन-तीन युनिट खात होती.

मग पाळी फ्रिजची. फ्रिज सोळा वर्षांचा. वीजमापक चोवीस तास लावून ठेवला. फ्रिजचे माप कधीही तासाभराचे घेऊ नये, पूर्ण दिवसरात्रीचे घ्यावे, आठवड्याचे घेतले तर उत्तमच. आकडा आला ४.१ युनिट! महिन्याचे १२३. एकट्या फ्रिजने आमच्या बिलाचा तिसरा हिस्सा खाल्ला होता. हात लावून पाहिले तर त्याची मोटर थांबतच नव्हती. दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात कडक होऊन चिरले होते.

हे तुम्हीही आज बघू शकता. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. अडून बसली तर रबर ठीक आहे, अलगद सुटून आली तर तिथून थंडावा गळतो आहे. चारी बाजूंनी असे तपासावे.

रबर बदलून घेतले. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागच्या जाळीवरची कित्येक वर्षांची धूळ ब्रशने काढली. अर्थात प्लग काढून! गरम भांडी आत ठेवायची नाहीत असे ठरले. पुन्हा चोवीस तास मापले. आकडा आला १.७. दिवसाला २.४ युनिट वाचले, महिन्याचे ७२.

लेक म्हणाली, आता नवा फ्रिजच घेऊन टाका. मी म्हटले, थांब, तेही मोजू. नव्या फ्रिजवर ताऱ्यांची जी पट्टी असते, तिच्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते. ऊर्जा दक्षता ब्युरोची ही पट्टी २००६ साली सुरू झाली. नुसते तारे मोजू नका, तो आकडा वाचा. शिवाय ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून पट्टीवरचे सालही बघा. आम्ही पाहिलेल्या फ्रिजवर वर्षाला २२० युनिट लिहिले होते, म्हणजे दिवसाला ०.६. आमच्या दुरुस्त फ्रिजपेक्षा दिवसाला १.१ ने कमी, वर्षाला चारशे युनिट. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये धरा, तर वर्षाला चार हजार वाचतील. फ्रिज सव्वीस हजारांचा. पैसे वसूल व्हायला साडेसहा वर्षे. तेव्हा जुना चालेल तोवर चालू दे, असे ठरले. पण रबर न बदलता ४.१ वरच राहिला असता, तर हाच हिशेब दोन वर्षांत फिटला असता. मोजल्याशिवाय हे कळले नसते.

पंख्याचा हिशेब मात्र उलटा निघाला. हल्ली बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, हा तीसच्या आसपास. चौदा तास चालणाऱ्या पंख्यात महिन्याला सतरा-अठरा युनिट वाचतात. पंखा तीन हजारांचा, पैसे दीड-दोन वर्षांत वसूल. वीज गेली तर इन्व्हर्टरवर जास्त वेळ चालतो, हा आणखी फायदा. तेव्हा आमच्या घरात नवी वस्तू आली ती एकच, सासूबाईंच्या खोलीतला पंखा. जो पंखा जास्त वेळ चालतो तोच आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला नव्हे.

पुढच्या महिन्याचे बिल आले २३८ युनिटांचे. नवा पंखा तेव्हा यायचा होता. रबराचे ७२, गीझरचे २२ आणि रात्री सेट-टॉप बॉक्स व इतर डबे बोर्डावरून बंद केल्याचे आठ, मिळून १०२. उरलेली दोन पावसाच्या नावावर टाका.

इथे बिलातली एक खुबी सांगून ठेवते. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिट सगळ्यात स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, असे टप्पे असतात. म्हणून आपण वाचवतो ते युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातले असते. आमची ३०० च्या वरची ४२ युनिट सगळ्यात आधी गेली. तुमचे बिल तीनशेच्या किंवा शंभराच्या काठावर असेल, तर थोडक्याच युनिटांनी बराच फरक पडतो. बिलाच्या मागच्या बाजूचे कोष्टक एकदा चष्मा लावून वाचाच.

आता तिसरे साधन. सगळ्या घराची वीज एका जागी दाखवणारे यंत्रही मिळते. मेन स्विचपाशी तारेभोवती एक चिमटा बसवतात आणि आकडे घरातल्या पट्टीवर किंवा मोबाईलवर दिसतात. ते चांगले आहे, पण परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यावे. आपल्या यजमानांनी रविवारी दुपारी पक्कड घेऊन करायचे ते काम नव्हे! शिवाय ज्यांच्याकडे नवे स्मार्ट मीटर बसले आहे, त्यांना घरच्या वापराचे आकडे वीज कंपनीच्या ॲपवर बघता येतात. त्यांनी आधी ते उघडून बघावे, नवे यंत्र घेण्याची घाई करू नये.

या यंत्रांनी वीज किती वाचते? ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ साली निरनिराळ्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा वापर डोळ्यांपुढे दिसत राहिल्याने ५ ते १५ टक्के बचत झालेली आढळली. पुढे ब्रिटनमध्ये २००७ ते २०१० या काळात हजारो घरांत मोठा प्रयोग झाला, त्यात स्मार्ट मीटर आणि आकड्याची पट्टी दिलेल्या घरांत बचत तीन टक्क्यांच्या आसपासच आली. यात नवल नाही. वजनकाटा आणला म्हणून कुणी बारीक होत नाही. आकडा बघून पुढे काय केले, त्यावर सारे. आमची बचत मोठी दिसते ती आमच्या घरात मोठ्या चुका होत्या म्हणून!

तुमच्या सोयीसाठी थोडक्यात सांगते :

रोज ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा वहीत लिहा. पंधरा दिवसांत घराची चाल कळते. ज्या दिवशी आकडा उडी मारेल, त्या दिवशी घरात काय झाले ते आठवा.

महिन्यातून एकदा रात्री सारे बंद करून लाल दिवा मोजा.

गीझर असेल तर पाणी साठ अंशांपर्यंतच तापवा. पंधरा लिटर पाणी पंचवीसवरून साठ अंशांवर न्यायला सहा दशांश युनिट लागतात. आंघोळी लागोपाठ उरका आणि बटण बंद करा. खुणेचा दिवा गेला असेल तर आजच बदला.

एसी असेल तर चोवीसवर ठेवा आणि सोबत पंखा लावा. १ जानेवारी २०२० पासून ताऱ्यांची पट्टी असलेले घरगुती एसी चालू करताना मुळात चोवीसवरच असावेत, असा नियम झाला तो याचसाठी. एकेक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगते.

इस्त्री रोज एक-एक कपड्याला तापवू नका, आठवड्याची एकदम करा.

आणि वीजमापक प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. भिशीच्या मैत्रिणींनी मिळून एक घ्यावा आणि आठवडा-आठवडा फिरवावा. घरातल्या वस्तू एकदा मापून झाल्या की तो कपाटातच पडून राहतो. आमचा सध्या शेजारच्या वहिनींच्या फ्रिजला लागला आहे.

राहता राहिल्या सासूबाई. बिल आले त्या दिवशी ह्यांनी ते आईच्या हातात दिले आणि म्हणाले, "आई, चुकलं. पंखा तुझा नव्हताच." एवढे बोलायलाही त्यांना बराच वेळ लागला. मी गीझरचे सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, रॉकेल रेशनवर मिळायचं तेव्हा स्टोव्ह किती वाजता पेटला, किती वाजता विझला, ते मी भिंतीवर कोळशाने लिहायची. मला आधी विचारलं असतंत तर मी मोजून दिलं असतं की!"

खरेच, विचारले नव्हते.

आता मीटरचा आकडा लिहायचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे. सकाळी सात वाजता चष्मा लावून मीटरपाशी जातात, दुधाच्या वहीत दुधाशेजारीच आकडा टिपतात आणि स्वयंपाकघरात येऊन सांगतात, "काल नऊ झाले गं. इस्त्री काढली होतीस ना?" मग आपल्या खोलीत जाऊन नव्या पंख्याखाली बसतात. दुपारची मालिकाही पुन्हा सुरू झाली आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढचे बिल आले की आवाज चढवण्याआधी मीटरपाशी जाऊन एक मिनिट मोजा. काय आढळले ते मला जरूर कळवा. पुढच्या लेखात पत्रांतून बऱ्याच जणींनी विचारलेला प्रश्न घेणार आहे : गॅसची टाकी महिनाभर कशी पुरवावी.